प्रश्न वाचकांचे : सौमोकिल, दक्षिण मालुकू आणि करारातलं ते कलम २

गेल्या अंकात 'नकाशावरून पुसले गेलेले देश' या पानावर ख्रिस सौमोकिल या कायदेपंडिताबद्दल आठ-दहा ओळी छापल्या होत्या. इंडोनेशियाच्या पूर्वेकडच्या बेटांवर १९५० मध्ये 'दक्षिण मालुकू प्रजासत्ताक' जाहीर झालं, काही महिन्यांत त्याची राजधानी पडली आणि अध्यक्ष जंगलात गेला, एवढाच मजकूर होता. त्यावर नागपुरातून बरीच पत्रं आली. निम्म्या पत्रांत विदर्भ आहेच. निवडक प्रश्नांची उत्तरं देत आहोत.

धरमपेठेतून एक निवृत्त शिक्षक विचारतात : तुम्ही सौमोकिलना 'संस्थापक अध्यक्ष' म्हटलंत. इतरत्र मनुहुतू असं नाव वाचलं. बरोबर कोण? आणि सौमोकिल खरोखर वकील होते का?

चूक आमची. २५ एप्रिल १९५० रोजी आंबोन शहरात घोषणा झाली तेव्हा अध्यक्ष योहानिस मनुहुतू होते, पंतप्रधान आल्बर्ट वायरिसाल, आणि सौमोकिल यांच्याकडे परराष्ट्र खातं होतं. आठवडाभरातच, ३ मे रोजी, सौमोकिल अध्यक्ष झाले. पण घोषणेमागची मुख्य हालचाल त्यांचीच होती, त्यामुळे बरेच जण त्यांनाच पहिला अध्यक्ष समजतात.

ते 'वकील' होते, पण पक्षकाराचं वकीलपत्र घेऊन जिल्हा कोर्टात उभा राहणारा वकील डोळ्यांसमोर आणू नका. जन्म १९०५, सुराबायाचा. घराणं मूळचं मालुकूचं. कायद्याचं शिक्षण नेदरलँड्समधल्या लायडनला झालं. तिशीच्या दशकात परत येऊन ते डच वसाहतीच्या न्यायखात्यात लागले. जपानी काळात कैदेत गेले. युद्धानंतर डचांच्या पुढाकाराने 'पूर्व इंडोनेशिया' हे घटकराज्य तयार झालं. राजधानी मकासर. त्या राज्यात त्यांनी न्यायमंत्रिपद आणि महाधिवक्तापद ही दोन्ही पदं सांभाळली. म्हणजे सरकारची बाजू मांडण्यात हयात गेलेला माणूस वयाच्या ४४ व्या वर्षी सरकारविरुद्ध उभा राहिला.

मकासर सोडून आंबोन गाठण्याचं तात्कालिक कारणही बघा. ५ एप्रिल १९५० रोजी आंदी अझीस या जुन्या वसाहती फौजेतल्या कॅप्टनने मकासर ताब्यात घेतलं. जाकार्ताच्या फौजा तिथे उतरू नयेत, हा हेतू. बंड दोन-तीन आठवड्यांत विझलं. ते विझत असतानाच सौमोकिल विमानाने आंबोनला पोहोचले. मकासरात जे फसलं तेच आंबोनला पुन्हा मांडलं गेलं, असं आमचं मत.

अमरावती रोडवरून कायद्याची एक विद्यार्थिनी : त्यांचा दावा कोणत्या कलमावर उभा होता? तो कायद्याने टिकणारा होता का?

प्रश्न नेमका आहे, म्हणून उत्तर जरा लांबवतो.

हेगच्या गोलमेज परिषदेत (२३ ऑगस्ट ते २ नोव्हेंबर १९४९) ठरलं की डच सरकार सार्वभौमत्व सोडेल आणि ते १६ घटकांच्या संघराज्याकडे जाईल. २७ डिसेंबर १९४९ ला तसं झालं. या परिषदेत जे करार झाले त्यात 'संक्रमणकालीन उपाययोजनां'चा एक करार आहे. त्याचं कलम २ हाच सौमोकिल पक्षाचा सगळा आधार.

या कलमाला दोन पोटकलमं आहेत आणि लोक ती एकमेकांत मिसळतात. पहिलं म्हणतं : संघातली घटकराज्यं शेवटी कोणती असावीत हे संविधान सभा ठरवेल, संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने शिफारस केली तर एखाद्या प्रदेशात सार्वमत घेऊन 'आम्हाला वेगळं घटकराज्य हवं का' हे विचारलं जाईल. म्हणजे संघाच्या आतच वेगळं राज्य. दुसरं म्हणतं : संविधान सभेने केलेलं अंतिम संविधान प्रत्येक घटकराज्यापुढे मंजुरीला जाईल; ज्याने ते नाकारलं त्याला संघराज्याशी आणि नेदरलँड्सशी विशेष संबंधांबद्दल बोलणी करता येतील.

आता दाव्यातल्या कच्च्या जागा मोजा. दुसरं पोटकलम घटकराज्याला हक्क देतं. दक्षिण मालुकू घटकराज्य नव्हतं, पूर्व इंडोनेशिया राज्याच्या १३ प्रदेशांपैकी एक होतं. हक्क असलाच तर मकासरचा, आंबोनचा नव्हे. दुसरं, हक्क 'बोलणी करण्याचा' आहे. स्वातंत्र्य जाहीर करण्याचा शब्द त्यात कुठेही नाही. तिसरं आणि सगळ्यांत अडचणीचं : हक्क जागा होतो तो अंतिम संविधान समोर आल्यावर. एप्रिल १९५० मध्ये संविधान सभाच नव्हती. आपल्या कोर्टाच्या भाषेत दावा मुदतीआधीचा, दाव्याचं कारण अजून घडायचंय. साठेखतावर सही झाली म्हणून खरेदीखताआधीच ताबा घ्यायला गेल्यासारखं.

पण इंडोनेशियाची बाजूही स्वच्छ नव्हती, हे लिहायलाच हवं. संविधान सभेची वाट न बघता १९५० च्या मार्चपासून एकेक घटकराज्य योग्याकार्ताच्या प्रजासत्ताकात (म्हणजे संघातलाच एक घटक असलेल्या मूळ इंडोनेशिया प्रजासत्ताकात) विलीन करून घेतलं गेलं. एप्रिलअखेर स्वतः प्रजासत्ताक, पूर्व इंडोनेशिया आणि पूर्व सुमात्रा असे तीनच घटक उरले होते. १७ ऑगस्ट १९५० ला संघराज्य मोडून एकात्म राज्य जाहीर झालं, तेही 'तात्पुरत्या' संविधानावर. संविधान सभेची निवडणूक झाली डिसेंबर १९५५ मध्ये, आणि काम पुरं होण्याआधीच ५ जुलै १९५९ ला इंडोनेशियाचे अध्यक्ष सुकार्णो यांनी ती बरखास्त केली. म्हणजे ज्या क्षणी कलम २ वापरता आलं असतं, तो क्षण कधी आलाच नाही. सौमोकिल यांनी थांबायचं ठरवलं असतं तर कशासाठी थांबायचं, हा प्रश्न त्यांच्या बाजूने रास्त ठरतो.

आमचं मत विचाराल तर, मजबूत वाट पहिल्या पोटकलमाची होती. संयुक्त राष्ट्रांचा आयोग तेव्हा इंडोनेशियातच होता. त्याच्याकडे सार्वमताच्या शिफारशीचा अर्ज घेऊन जाणं, आणि १ मे १९५० ला जाकार्ताने डॉ. योहानेस लेमेना यांना बोलणीसाठी जहाजाने पाठवलं तेव्हा त्यांना भेटणं, ही दोन पावलं नोंदीवर राहिली असती. लेमेना स्वतः आंबोनचे, ख्रिस्ती, सुकार्णोंच्या विश्वासातले. त्यांना परत पाठवलं गेलं. पुढे त्याच आयोगाने मध्यस्थीची तयारी दाखवली, तर जाकार्ताने ती नाकारली. तोवर बोलण्याची पाळी सौमोकिल यांची राहिली नव्हती.

एक गंमत परीक्षेसाठी टिपून ठेवा. कुणीही मान्यता न दिलेल्या या प्रजासत्ताकाने ॲमस्टरडॅमच्या कोर्टात एका डच जहाज कंपनीवर दावा लावला : तुमच्या जहाजांतून आमच्यावर सैन्य नेऊ नका. १९५१ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने मान्यता नसली तरी दावा लावण्याची पात्रता मान्य केली. आंतरराष्ट्रीय कायद्याच्या पुस्तकांत 'मान्यता नसलेल्या राज्याची वादक्षमता' या शीर्षकाखाली हा खटला अजून भेटतो. १९३३ च्या मॉन्टेव्हिडिओ कराराचे चार निकष (कायम लोकवस्ती, ठरलेला भूभाग, सरकार, परराष्ट्रांशी व्यवहाराची क्षमता) लावून बघा. पहिले दोन सहज बसतात, तिसरा काही महिने बसतो, चौथ्यावर सगळं अडतं.

महालातून एक माजी सैनिक : त्यांच्याकडे फौज कुठून आली?

डचांच्या वसाहती फौजेतून. या फौजेत मालुकूच्या, विशेषतः आंबोनच्या ख्रिस्ती शिपायांचा भरणा पिढ्यान्‌पिढ्या मोठा होता. फौज २६ जुलै १९५० ला विसर्जित व्हायची होती. शिपायापुढे दोन पर्याय : नव्या इंडोनेशियन फौजेत जा, किंवा नाव कमी करून घ्या. नाव कमी होताना कुठे सोडायचं हे शिपायाने निवडावं, अशी सोय होती. जावामधल्या मालुकू शिपायांनी आंबोन मागितलं. तिथे लढाई पेटलेली, जाकार्ता कशाला सोडेल? डच न्यू गिनी मागितलं, त्यालाही नकार. जावातच सोडण्याचा घाट घातला तेव्हा शिपायांच्या वतीने हेगच्या कोर्टात दाद मागितली गेली आणि कोर्टाने मनाविरुद्ध इंडोनेशियाच्या ताब्यातल्या भूमीवर सोडण्यास मनाई केली. मग एकच जागा उरली. मार्च ते जून १९५१ मध्ये बायकामुलांसह सुमारे १२,५०० माणसं जहाजांनी नेदरलँड्सला नेली. पहिलं जहाज 'कोता इन्तेन' २१ मार्चला रॉटरडॅमला लागलं. उतरल्या उतरल्या शिपायांच्या हातात नोकरी संपल्याचा कागद. मुक्काम तात्पुरता म्हणून त्यांना जुन्या छावण्यांत ठेवलं. त्यांतली एक वेस्टरबोर्क, जिथून महायुद्धात ज्यूंना मृत्युछावण्यांकडे पाठवलं होतं.

आंबोन बेटावर लढले ते वेगळे : तिथेच तैनात असलेले आणि सुटीवर घरी आलेले शिपाई.

त्यांचंच पुढचं : लढाई किती चालली?

जाकार्ताने आधी समुद्रातून नाकेबंदी केली. जुलैच्या मध्यावर बुरू बेट, मग सेराम, आणि २८ सप्टेंबर १९५० ला आंबोनवर उतरण. आंबोन म्हणजे हितू आणि लेइतिमोर असे दोन तुकडे, मध्ये पासोची चिंचोळी पट्टी. शहर दक्षिणेच्या तुकड्यात. त्यामुळे उत्तरेला किंवा पूर्वेला उतरलेल्या फौजेला त्या गळ्यातूनच यावं लागतं, आणि थोडे पण सराईत बंदूकधारी तिथे मोठी फौज रोखून धरू शकतात. तसंच झालं. आंबोनसारख्या छोट्या बेटावर शहरापर्यंत पोहोचायला पाच आठवडे लागले. ४ नोव्हेंबरला किल्ल्याजवळ जाकार्ताच्या फौजेतले लेफ्टनंट कर्नल स्लामेत रियादी पडले, वय २३. मोहिमेचे प्रमुख कर्नल कविलारांग यांनी इथला धडा घेऊन १९५२ मध्ये कमांडो तुकडी उभारली. आजच्या इंडोनेशियन विशेष दलाचं मूळ ते.

इतवारीतून एक किराणा व्यापारी : बातमीत 'तेरा वर्षं जंगलात' असं होतं. नाकेबंदीत खाल्लं काय? आणि आमच्याकडचं जायफळ तिकडचंच ना?

जायफळ आणि जायपत्री मुळात बांदा बेटांची, आणि ती बेटं या प्रजासत्ताकाच्या दाव्यात होती. सावजी मसाल्यात तुम्ही टाकता ते मात्र बहुतेक केरळचं असेल. रोपं केव्हाच जगभर गेली.

खाण्याचं उत्तर साबुदाण्यात आहे, पण आपल्या नव्हे. आपला साबुदाणा टॅपिओकाच्या कंदाचा. सौमोकिल ज्या सेराम बेटाच्या जंगलात होते तिथला सागो ताडासारख्या झाडाच्या खोडातून निघतो. झाड दहा-पंधरा वर्षांचं झालं की फुलोरा येण्याच्या जरा आधी पाडायचं. उशीर केला तर साठवलेलं पीठ फुलोऱ्यात खर्च होतं आणि खोड पोकळ निघतं. खोड उभं चिरायचं, आतला गर ठेचून बारीक करायचा, झाडाच्याच पन्हाळीत पाणी ओतून मळायचा आणि गढूळ पाणी कापडातून किंवा सालीच्या गाळणीतून गाळायचं. चोथा वर राहतो, पीठ खाली बसतं. एका झाडातून साधारण १५० ते ३०० किलो. पेरणी नाही, राखण नाही, कापणीचा हंगाम नाही, म्हणून शेतं जाळून किंवा तांदळाची जहाजं अडवून असल्या माणसांना उपाशी मारता येत नाही. सोबत मासे आणि रानडुक्कर.

त्यात सेराम सुमारे १७,००० चौरस किलोमीटरचं, लांबी ३०० किलोमीटरच्या वर, मधला बिनाया डोंगर ३,०२७ मीटर. आपल्या गडचिरोलीपेक्षा मोठा मुलूख, आणि चहूकडे समुद्र. औषधं, काडतुसं, मीठ, कापड यांचं दुर्भिक्ष मात्र भरून निघत नाही. अशा टोळ्या उपासमारीने थकत नाहीत, हिवतापाने आणि गावकऱ्यांचा आधार तुटल्याने थकतात.

धंतोलीतून एक वाचक : पकडल्यावर खटला रीतसर झाला का?

डिसेंबर १९६३ मध्ये सेरामवर ते हाती लागले. एप्रिल १९६४ मध्ये जाकार्तात लष्करी न्यायाधिकरणापुढे खटला उभा राहिला आणि काही दिवसांतच संपला. मलय उत्तम येत असूनही त्यांनी सगळी उत्तरं डचमध्ये दिली, कोर्टाला दुभाषी बसवावा लागला. हट्ट म्हणा, पण कायदा शिकलेल्या माणसाचा हट्ट आहे : ज्या राज्याचा अधिकार मान्य नाही त्याच्या भाषेत बोलायचं नाही. शिक्षा फाशीची नव्हे, गोळ्या घालण्याची. अंमल दोन वर्षांनी, १२ एप्रिल १९६६ ला, जाकार्ताच्या उपसागरातल्या एका छोट्या बेटावर. त्याच्या महिनाभर आधी, ११ मार्चला, सुकार्णोंनी जनरल सुहार्तोंच्या हाती अधिकार दिले होते. शिक्षा एकाच्या काळात ठोठावली, बजावली दुसऱ्याच्या. तुलना करायची तर मनुहुतू आणि इतर मंत्र्यांवर १९५५ मध्येच खटले चालले होते आणि काही वर्षांच्या तुरुंगवासावर भागलं होतं. उशिरा सापडण्याची किंमत सौमोकिल यांनी मोजली.

सदरमधून एक वाचक, जरा रागाने : असले लेख छापून तुम्ही वेगळ्या विदर्भाची मागणी फुटीरपणाच्या रांगेत बसवता आहात का?

नाही. आणि फरक करायला वर सांगितलेली दोन पोटकलमंच उपयोगी पडतात. विदर्भाची मागणी ही पहिल्या पोटकलमाच्या जातीची : संघाच्या आत वेगळं राज्य. त्यासाठी आपल्या राज्यघटनेत अनुच्छेद ३ आहे. पायऱ्या अशा : राष्ट्रपतींच्या शिफारशीनेच विधेयक मांडता येतं; त्याआधी ते संबंधित राज्याच्या विधिमंडळाकडे मत मागायला मुदत घालून जातं; ते मत बंधनकारक नाही; संसदेत साधं बहुमत पुरतं. जानेवारी २०१४ मध्ये आंध्रच्या विधानसभेने विधेयक फेटाळलं, तरी २ जूनला तेलंगण झालं.

सौमोकिल यांनी मागितलं ते देशाबाहेर पडणं. त्याला आपल्या घटनेत दारच नाही. १९६३ च्या सोळाव्या दुरुस्तीने तर उमेदवाराच्या शपथेतच देशाची अखंडता घातली.

विदर्भाची वाट कायम कागदोपत्री आणि मतपेटीतून चालली आहे. १९५५ मध्ये राज्य पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगाने वेगळ्या विदर्भाची शिफारस केली. ती बाजूला ठेवली गेली, १९५६ मध्ये नागपूर राजधानी राहिलं नाही, आणि १९५३ च्या नागपूर कराराची आठवण दर हिवाळी अधिवेशनात निघते. यवतमाळचे वकील लोकनायक बापूजी अणे याच प्रश्नावर १९६२ मध्ये नागपुरातून अपक्ष म्हणून लोकसभेत गेले. त्यांचे नातू श्रीहरी अणे यांनी मार्च २०१६ मध्ये याच विषयावरच्या वक्तव्यांनंतर महाराष्ट्राचं महाधिवक्तापद सोडलं. महाधिवक्ता आणि वेगळं राज्य, एवढं साम्य वाचकांना दिसलं असणार. ते तिथेच संपतं.

एका ओळीचा प्रश्न : नेदरलँड्समध्ये रेल्वेगाड्या पळवल्या त्या याच लोकांनी का?

छावण्यांत वाढलेल्या दुसऱ्या पिढीतल्या काही तरुणांनी. डिसेंबर १९७५ मध्ये वायस्टर इथली गाडी आणि ॲमस्टरडॅममधला इंडोनेशियाचा वाणिज्य दूतावास. मे १९७७ मध्ये दे पुंटची गाडी आणि बोवेनस्मिल्डेची शाळा. ११ जून १९७७ ला फौजेने गाडीवर हल्ला केला, सहा अपहरणकर्ते आणि दोन ओलीस मेले. निर्वासनातलं 'अध्यक्षपद' पुढेही चालू राहिलं, आणि २०१० मध्ये ते योगायोगाने पुन्हा एका वकिलाकडे, जॉन वाट्टिलेते यांच्याकडे, आलं. त्याच वर्षी इंडोनेशियाच्या अध्यक्षांना अटक करा असा अर्ज हेगच्या कोर्टात दाखल झाला. अर्ज फेटाळला गेला, पण अध्यक्षांनी नेदरलँड्सचा दौरा ऐन वेळी रद्द केला.

सीताबर्डीहून एक तिकीट-संग्राहक : माझ्याकडे पक्षी-फुलपाखरांची 'रिपब्लिक मालुकू सेलातान' अशी रंगीत तिकिटं आहेत. किंमत येईल का?

नाही येणार, आणि ती जितकी सुंदर असतील तितकी कमी. अशी चित्रमय तिकिटं व्हिएन्नात छापून अमेरिकेतल्या व्यापाऱ्यामार्फत जगभरच्या शाळकरी संग्राहकांना विकली गेली. आंबोनच्या टपालात ती कधी लागलीच नाहीत, म्हणून प्रमुख कॅटलॉग त्यांना टपाल तिकिटं मानत नाहीत. शिक्का असला तरी तिकीट उलटं करून बघा : मागे डिंक जसाच्या तसा असेल तर शिक्का कारखान्यातच मारलेला.

खरी तिकिटं कुरूप आहेत. डच वसाहतीच्या आणि इंडोनेशियाच्या जुन्या तिकिटांवर प्रजासत्ताकाचं नाव काळ्या शाईत वर छापलेली. त्यांत नकलाही भरपूर. दहापट भिंगाखाली तीन गोष्टी तपासा. वरची छपाई टपालाच्या शिक्क्याच्या खाली आहे की वर. वर असेल तर वापरलेल्या जुन्या तिकिटावर नंतर कुणी छापलंय, सोडून द्या. शिक्क्यातली तारीख वाचता येत असेल तर ती एप्रिल ते नोव्हेंबर १९५० मध्येच बसली पाहिजे. आणि शक्य असेल तर सुटं तिकीट घेऊच नका, पूर्ण लिफाफाच मागा.